ट्रेमधली पिशवी आणि घरी आलेली बाई

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गोव्यात, फोंडा तालुक्यातल्या एका गावात, देवळाच्या सभागृहात, गर्भाशयाच्या आजारांवर व्याख्यान ठेवलं होतं. व्याख्यान शांतपणे झालं, पण प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि वाद पेटला. एका कार्यकर्तीचं म्हणणं, गरज नसताना पिशव्या काढण्याचा धंदा झालाय आणि पिशवी गेली की बाईचं बाईपणच जातं. तिने सातेरीचा, वारुळाच्या रूपात पुजल्या जाणाऱ्या देवीचा, दाखला दिला. आपण वारुळाला भूमीची कूस म्हणून पुजतो आणि जित्या बाईची कूस कचऱ्यात टाकतो, असं ती म्हणाली. व्याख्यात्या डॉक्टरांनी ही घाबरवाघाबरवी असल्याचं सांगितलं. शास्त्राप्रमाणे काही फरक पडत नाही, सहा आठवड्यांत बाई पहिल्यासारखी होते, हे त्यांचं उत्तर. अर्धा तास दोघी जागच्या हलल्या नाहीत. शेवटी मागच्या रांगेतल्या एक आजी मोठ्याने म्हणाल्या, "पिशवी काडली, आतां कितें उरलां?" सगळ्या हसल्या, तिळगूळ वाटायला सुरुवात झाली आणि विषय मिटला.

तो तसा मिटला याचं मला वाईट वाटलं. दोन्ही बाजू चुकत होत्या आणि एकाच कारणाने चुकत होत्या. एकीने बाईचं सगळं सुख त्या एका अवयवात कोंडून ठेवलं, दुसरीने त्या अवयवाचा सुखाशी काही संबंधच नाही असं सांगून टाकलं. समोर साठ-सत्तर बायका बसल्या होत्या. त्यांतल्या काहीजणींचं हे ऑपरेशन नक्कीच झालेलं होतं. त्यांना कुणी विचारलं का, की बाई, नंतर तुझं कसं चाललंय? माझं म्हणणं असं: गर्भाशय काढल्यावर बाईचं शरीरसुख कसं राहील, हा ऑपरेशनच्या आधी तिच्याशी बोलायचा आणि नंतर तिला पुन्हा विचारायचा वैद्यकीय प्रश्न आहे. जखम, ताप, रक्तस्राव यांची चौकशी जितक्या सहज होते तितक्याच सहज तो विचारला गेला पाहिजे. त्याबद्दल चकार शब्द न काढता घेतलेली संमतीची सही मी अपुरी मानते.

हे मी ऐकीव माहितीवर म्हणत नाही. सोळा वर्षांपूर्वी, एकेचाळीस वर्षांची असताना, माझी पिशवी काढली. फायब्रॉइडच्या गाठी होत्या, महिन्यातले बारा-बारा दिवस अंगावरून जात होतं, हिमोग्लोबिन सातवर आलं होतं. वर्गात फळ्याकडे वळताना साडीला मागे डाग पडला असेल या भीतीने मी खुर्चीवरून उठायची टाळायची. ऑपरेशन गरजेचं होतं आणि ते चांगलं झालं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार त्याच्या मागच्या-पुढच्या मौनाची आहे. थिएटरबाहेर माझ्या नवऱ्याला बोलावून स्टीलच्या ट्रेमध्ये काढलेली पिशवी दाखवली. पुष्कळ दवाखान्यांत नातेवाइकांना अशी दाखवतात, खरंच काढली याची खात्री म्हणून. तो गोळा त्यांनी पाहिला. मी तो कधीच पाहिला नाही. घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी मला जड उचलू नका, कळशी उचलू नका, स्कूटर चालवू नका असं सांगितलं. मग माझ्या डोक्यावरून नवऱ्याकडे बघत ते म्हणाले, "दीड महिना थांबा." कशासाठी थांबायचं ते तिघांनाही कळलं. पुढे कुणीच बोललं नाही.

दीड महिन्याची दोन वर्षं झाली. त्या ट्रेमधलं दृश्य माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांपुढून जात नव्हतं. माझ्या आत अजून उघडी जखम आहे, आपल्या हातून काहीतरी फाटेल, असं त्यांना वाटायचं. हे त्यांनी मला कितीतरी नंतर सांगितलं. मला वाटायचं, मी आता त्यांना नकोशी झाले. पुढे जवळ आलो तेव्हा आग व्हायची, कोरडं पडलेलं असायचं, आणि मी भिंतीकडे तोंड करून झोपायची. शाळेच्या स्टाफरूममध्ये ऐन थंडीत घामाने ब्लाऊज भिजायचा. तिसऱ्या वर्षी दुसऱ्या एका डॉक्टरांनी माझं जुनं डिस्चार्ज कार्ड वाचलं आणि सहज म्हणाल्या, "तुमची दोन्ही अंडाशयंही काढलीत ना." मला ते तेव्हा पहिल्यांदा कळलं. कार्डावर इंग्रजीत लिहिलेलं होतं. माझी सहीही होती.

पिशवी काढली, हे दोन शब्द किती वेगवेगळ्या गोष्टींना वापरतात ते पाहा. कुणाच्या गर्भाशयाचा फक्त वरचा भाग काढतात आणि गर्भाशयमुख ठेवतात. कुणाचं मुखासकट काढतात. कुणाची अंडाशयंही जातात. कर्करोग असेल तर कधी आजूबाजूचा भाग, योनीचा वरचा काही भागही काढतात आणि काही वेळा तिथल्या नसांनाही धक्का लागतो. या चौघींचं नंतरचं आयुष्य एकसारखं कसं असेल? अंडाशयं शाबूत असतील तर हार्मोन चालू राहतात, जरी पाळी जाण्याचा काळ काहीसा आधी येण्याची शक्यता वाढते. अंडाशयं काढली तर इस्ट्रोजेन हळूहळू उतरत नाही, एकदम कोसळतं. वाफा येतात, झोप उडते, योनीचं अस्तर पातळ आणि कोरडं होतं, हाडं आणि हृदय यांच्यावरही परिणाम होतो. इच्छेशी जोडलेलं टेस्टोस्टेरॉनही निम्म्याच्या आसपास घटतं. सुखाची मुख्य जाणीव ज्या शिश्निकेत असते तिच्या नसा मात्र वेगळ्या वाटेने येतात, साध्या ऑपरेशनमध्ये त्या तुटत नाहीत. म्हणून बहुसंख्य बायकांचं सुख टिकतं. काहीजणींना सुखाच्या क्षणी गर्भाशयाचं आकुंचन जाणवत असतं, त्यांना ते गेल्याचंही जाणवतं. त्या खोटं बोलत नाहीत.

आता डॉक्टरांची बाजू. ती भक्कम आहे आणि मी ती पूर्ण मान्य करते. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात हजारावर बायकांना ऑपरेशनच्या आधी आणि नंतर दोन वर्षं प्रश्न विचारून केलेला अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. संबंधाच्या वेळी वारंवार दुखणाऱ्या बायका आधी १८.६ टक्के होत्या, दोन वर्षांनी ३.६ टक्के उरल्या. इच्छा आणि सुख, दोन्ही सरासरीने वाढलेलं दिसलं. लंडनमध्ये २७९ बायकांवर झालेल्या आणि २००२ साली छापून आलेल्या अभ्यासात गर्भाशयमुख ठेवलं काय नि काढलं काय, लैंगिक आयुष्यात फरक आढळला नाही. यात नवल नाही. बारा दिवस रक्तस्राव, पोटात गोळे, गर्भ राहण्याची धास्ती, हे सगळं सुटल्यावर बाईला हलकं वाटणारच. मलाही वाटलं. पांढरी साडी नेसून शाळेच्या स्नेहसंमेलनाला गेले तो दिवस मला आठवतो. त्यामुळे बाईपण जातं अशी भीती घालणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, त्यांच्या बोलण्याने रक्त वाहून पांढरीफटक पडलेली एखादी बाई ऑपरेशन पुढे ढकलत राहील आणि त्याची किंमत तीच मोजेल.

पण या अभ्यासांतून "काही फरक पडत नाही" हे वाक्य निघतं का? फरक पडतो, बहुतेकींच्या बाबतीत चांगला पडतो, असं ते अभ्यास सांगतात. ३.६ टक्के म्हणजे शंभरातल्या तीन-चार बायका अजून दुखतंय म्हणताहेत. शिवाय त्याच मेरीलँडच्या अभ्यासात दिसलं की ऑपरेशनआधी ज्या बायका नैराश्यात होत्या त्यांना नंतर दुखणं, कोरडेपणा, इच्छा नसणं हे त्रास अधिक झाले. म्हणजे कुणाला जपायला हवं ते आधीच ओळखता येतं, मात्र आधी विचारायला हवं. आणि मुळात हे आकडे आले कुठून? कुणीतरी प्रत्येक बाईसमोर बसून तिला विचारलं, दुखतं का, इच्छा होते का, सुख मिळतं का. आमच्याकडे त्या आकड्यांचा आधार घेऊन तोच प्रश्न टाळला जातो. मला दिलासा द्यायला मेरीलँडची बाई उपयोगी पडत नाही. माझी अंडाशयं गेली होती आणि मला चाळिशीतच हार्मोनचे उपचार, योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम, निदान साधं वंगण, यांपैकी काहीतरी मिळायला हवं होतं. स्तनाचा कर्करोग वगैरे कारणं नसतील तर इतक्या लवकर अंडाशयं गेलेल्या बाईला पाळी जाण्याच्या स्वाभाविक वयापर्यंत हार्मोन देण्याचा विचार करणं ही आता सर्वमान्य वैद्यकीय रीत आहे.

कार्यकर्तीची बाजूही हलकी नाही. बीड जिल्ह्यात ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांचं प्रकरण २०१९ साली गाजलं. महाराष्ट्र सरकारने नेमलेल्या समितीने ८२,३०९ कामगार बायकांची पाहणी केली, त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीमुळे तोडणीचा खाडा नको, म्हणून तरण्याताठ्या बायकांनी पोट कापून घेतलं. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सगळ्या राज्यांना अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला सांगितली. त्या खटल्याच्या मुळाशी राजस्थान, बिहार, छत्तीसगडमधल्या गरीब बायका होत्या. इतकं भयंकर चाललेलं असताना इच्छा आणि सुख यांच्याबद्दल बोलणं ही सुखवस्तू बायकांची चैन नाही का, असा प्रश्न मला एका मैत्रिणीने तोंडावर विचारला.

नाही. ऊसतोड बाईला इच्छा नसते असं कुणी ठरवलं? तिची पिशवी ज्या विचाराने काढली गेली, तो विचार आणि माझ्याशी न बोलण्यामागचा विचार एकच आहे. आमच्या भाषेतच पाहा. पिशवी. बाजाराची पिशवी असते तशी. सामान काढून झालं, फाटली, टाकून द्या. दोन मुलं झाली ना, मग आता काय काम तिचं? या एका वाक्यावर दवाखान्यापासून माजघरापर्यंत सगळे निर्णय होतात. उलट ऑपरेशनआधी कुणी बाईला नीट विचारलं असतं, की यानंतर तुझ्या शरीरात हे-हे बदलेल, अंडाशयं काढली तर असं होईल, तुला चालेल का, तर पुढचा प्रश्न आपोआप आला असता: याला दुसरा इलाज नाही का? आणि दुसरे इलाज असतात. रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आहेत, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली ऑर्मेलॉक्सिफेन आहे, तांबीसारखं बसवायचं हार्मोनचं साधन आहे, नुसत्या गाठी काढता येतात. माझ्या मते अनावश्यक ऑपरेशन रोखायला कुठल्याही समितीइतकाच उपयोग या संभाषणाचा आहे.

आणि कुशीची पूजा? सातेरीपुढे मीही हात जोडते. पण बाईची किंमत तिच्या कुशीवर ठरवण्याचे परिणाम गोव्याने कायद्याच्या पुस्तकात पाहिले आहेत. पोर्तुगीज अमलात १८८० साली इथल्या हिंदूंच्या रूढींची जी संहिता झाली, तिच्यात बायकोला पंचविसाव्या वर्षापर्यंत मूलच झालं नाही किंवा तिसाव्या वर्षापर्यंत मुलगा झाला नाही, तर नवऱ्याला दुसऱ्या लग्नाची सवलत होती. कूस म्हणजे बाई, हे समीकरण एकदा मांडलं की कूस गेलेल्या बाईला आजीबाईंसारखं "आतां कितें उरलां" असंच विचारावं लागतं. पश्चिमेतही हेच होतं. हिस्टेरिया आणि हिस्टरेक्टमी (म्हणजे हेच गर्भाशय काढण्याचं ऑपरेशन) हे दोन्ही शब्द गर्भाशयाच्या एकाच ग्रीक शब्दावरून आले. अमेरिकेतल्या रॉबर्ट बॅटी या सर्जनने १८७२ पासून बायकांच्या तथाकथित मानसिक तक्रारींसाठी धडधाकट अंडाशयं काढायला सुरुवात केली आणि ती लाट पुढे पसरली. तेव्हा बाईच्या स्वभावाचं खापर या अवयवांवर फोडून ते कापले जायचे. आज तेच अवयव कापताना तिच्या मनाचा आणि इच्छेचा विषयच निघत नाही. दोन्ही वेळेला तिला विचारलेलं नाही.

आपल्या समाजात हे बोलता येत नाही, बायकाच लाजतात, हा आक्षेप मी शंभरदा ऐकलाय. शिमग्याला पुरुषांच्या बोंबा गावभर चालतात, तेव्हा ही लाज कुठे जाते? र. धों. कर्व्यांवर 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांबद्दल १९३४ साली खटला चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. कर्वे खटला हरले, दंड झाला, मासिक मात्र कर्व्यांच्या मृत्यूपर्यंत, १९५३ पर्यंत चालू राहिलं. त्याही काळात मराठी माणसं पत्रं लिहून विचारत होती. म्हणजे विचारणारे होते, उत्तर देणाऱ्याला शिक्षा होती. आज शिक्षा नाही, तरी उत्तर देणारे गप्प आहेत. बायका तर विचारतातच. पाटावर नारळ किसताना, बसस्टॉपवर, शाळेच्या पायरीवर मला विचारतात. आत पोकळी राहते का? ते मग जातं कुठे, पोटात? नवऱ्याला कळतं का? हे पोरकट प्रश्न नाहीत. योनीचं वरचं टोक शिवून बंद केलेलं असतं, पोटात काही जात नाही, ते टाके भरायलाच सहा आठवडे किंवा काहींना अधिक काळ लागतो, एवढं चित्र काढून दाखवायला किती वेळ लागतो?

वेळेचा आक्षेप मात्र खरा आहे. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी इस्पितळात, सकाळी ओपीडीसमोरची गर्दी मी पाहिली आहे. वाळपईहून पहाटेची कदंब बस पकडून आलेली बाई दुपारी दोनला आत जाते, तेव्हा तिच्या वाट्याला चार-पाच मिनिटं येतात. डॉक्टरांनी त्यात आणखी काय कोंबायचं? म्हणून हे काम एकट्या डॉक्टरांवर टाकू नका. वॉर्डातल्या परिचारिकेला ते शिकवा. मराठीत आणि कोंकणीत एक पानभर छापा, काय काढलं, काय ठेवलं, हे बाईच्या भाषेत लिहून द्या. टाके तपासायला सहा आठवड्यांनी ती येतेच, तेव्हा नवऱ्याला बाहेर बसवून एक प्रश्न विचारा. सहा महिन्यांनी पुन्हा विचारा. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्ट शिकवू शकतात. आमच्या राज्यात जवळजवळ सगळी बाळंतपणं दवाखान्यात होतात, १८४२ पासून इथे वैद्यकीय शिक्षण आहे. गोव्यात बाई दवाखान्यापर्यंत पोचते. तिथे पोचल्यावर तिच्याशी बोलणं होत नाही, आणि त्याला नवी इमारत लागत नाही.

आणखी एक गोष्ट इथे म्हटली पाहिजे. हा विषय निघालाच तर तो नवऱ्याच्या सोयीचा म्हणून निघतो. दीड महिना थांबा हे त्यालाच सांगितलं जातं. मग विधवेचं काय, एकटीचं काय? माझ्या ओळखीतल्या एका विधवा बाईला, वय सेहेचाळीस, अंडाशयं काढताना सांगितलं गेलं की आता तुम्हाला त्यांची गरज काय. तिची झोप, तिची हाडं, तिच्या अंगातली ऊब, हे सगळं नवऱ्याबरोबर सरणावर गेलं असं समजून. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली खटल्यात जे सांगितलं ते प्रत्येक दवाखान्यात भिंतीवर लावायला हवं. त्या अविवाहित बाई दुर्बिणीने तपासणी करून घ्यायला गेल्या होत्या. त्या भुलीत असताना आईची सही घेऊन गर्भाशय आणि अंडाशयं काढली गेली. न्यायालयाने ती संमती मानली नाही. तपासणीला दिलेली संमती उपचाराला चालत नाही, आणि शुद्धीवर आल्यावर विचारता येईल अशा सज्ञान बाईच्या वतीने, जिवावरचा प्रसंग नसताना, आईही हो म्हणू शकत नाही. तिला पुरेशी माहिती दिलेली असली पाहिजे, असंही त्यात आहे. शरीरसुखाची माहिती त्या पुरेशा माहितीत मोडत नाही असं कोण म्हणेल?

त्या हळदीकुंकवानंतर सभागृहामागच्या पडवीत मी स्टीलच्या ताटल्या विसळत होते. माझी एक जुनी विद्यार्थिनी, आता पंचेचाळिशीची, शेजारी येऊन उभी राहिली. नळ मोठा सोडून, त्याच्या आवाजात, खाली बघत म्हणाली, "बाई, माझी काढून सहा वर्षं झाली. खूप जळजळतं. आता सांगून काही उपयोग आहे का?" मी म्हटलं, आहे, सहा वर्षांनीही इलाज होतो. हात पुसून मी वाणाच्या पुडीचा कागद घेतला आणि त्यावर तीन ओळी लिहून दिल्या. माझी अंडाशयं ठेवली आहेत का. कोरडेपणासाठी मला कोणतं औषध चालेल. हे मी किती दिवस वापरायचं. तिने ते दोनदा वाचलं, घडी घालून मंगळसूत्राच्या वाटीमागे ब्लाऊजमध्ये खोचलं आणि विचारलं, "नवऱ्याला बरोबर नेऊ की एकटी जाऊ?" मी म्हटलं, आत एकटी जा. बाहेर पाहिजे तर त्याला बसव.